तळावलीची सांत आनाची इगर्ज आणि तिच्या कर्तृत्वाचा प्रश्न

गोमंतकांतील ख्रिस्ती देवालयांसंबंधीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें, तें बहुतेक हिंदु देवळांच्या विध्वंसाच्या हकीकतीला जोडून लिहिलें गेलें. हें अस्वाभाविक नव्हे. तिसवाडींतील देवळें १५४० सालीं पाडलीं गेलीं, पुढील वर्षीं त्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविलें गेलें, आणि १५६७ सालीं साष्टींतील देवळांवर तोच प्रसंग आला. ह्या गोष्टी इतिहासांत नमूद आहेत व त्यांचें विस्मरण होणें इष्ट नाहीं. परंतु जमीन कोणाची होती हा एक प्रश्न, आणि तिच्यावर पुढें शंभर-दीडशें वर्षांनीं जी इमारत उभी राहिली ती कोणीं, कशासाठीं व कोणत्या रीतीनें उभी केली हा दुसरा प्रश्न. पहिल्याचें उत्तर मिळालें म्हणजे दुसऱ्याचेंहि मिळालें, अशा समजुतीनें आपल्याकडील लेखक चालत आले. त्यामुळें गोव्यांतील प्रत्येक इगर्ज ही 'फिरंग्यांची' असें एका शब्दांत सांगून विषय संपविण्याची चाल पडली आहे.

ही चाल कितपत सप्रमाण आहे हें पाहण्यास तळावलीच्या इगर्जेसारखें दुसरें उदाहरण नाहीं. ती राजधानींतली नव्हे, खेड्यांतली आहे. ती कोणा युरोपियन पंथाच्या मठाची नव्हे, गांवची आहे. आणि तरीहि गोव्यांतील बरोक पद्धतीच्या इमारतींत तिचें स्थान अग्रभागीं आहे. तिच्याविषयीं गेल्या सत्तर वर्षांत जीं मतें मांडलीं गेलीं त्यांची चिकित्सा करून कर्तृत्वाचा हा प्रश्न शक्य तितका निकालांत काढावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. स्थल व काल

तळावली नांवाचीं गांवें गोव्यांत एकाहून अधिक आहेत. प्रस्तुतचें गांव तिसवाडी महालांतील असून जुन्या गोव्याच्या दक्षिणेस, पिलार व गोवा वेल्हा ह्यांच्या बाजूस, शिरदोणच्या नदीकांठीं वसलेलें आहे. ही नदी पुढें झुआरीस मिळते. गांवची इगर्ज सांत आना, म्हणजे येशूची माता जी मरिया तिची आई, हिच्या नांवाची आहे; आणि तिच्यावरून गांवासहि 'सांतान' हें दुसरें नांव रूढ झालें आहे.

हल्लींच्या इमारतीचें काम १६८१ सालच्या सुमारास फ्रान्सिस्को दो रेगो ह्या पाद्रीनें सुरू केलें. १६८९ सालीं तो वारल्यावर आंतोनियो फ्रान्सिस्को दा कुन्हा ह्या पाद्रीनें तें पुढें चालवून १६९५ सालीं पुरें केलें. म्हणजे काम चौदा वर्षें चाललें. ह्या चौदा वर्षांत गोव्यांत काय काय घडलें तें पुढें पाहावयाचें आहे. कारण इमारतीचा अर्थ लावतांना तो काळ विसरून चालणार नाहीं.

इमारतीचें स्वरूप थोडक्यांत असें. आराखडा क्रुसाकृति आहे: एक लांब मध्यदालन, त्यास आडवे बाहू, व शेवटीं वेदीची जागा. वरतीं कमानदार पाटण आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, अतिशय जाड, व आंतबाहेर चुन्यानें गिलावा केलेल्या. भिंतींच्या जाडींत पोकळ्या ठेवल्या असून त्यांचा उपयोग पापनिवेदनाच्या विधीकडे होत असे, असें वर्णनकार सांगतात. दर्शनी भाग पांच थरांचा. दोहों बाजूंस चौकोनी बुरूज. प्रत्येक थर आडव्या कंगोऱ्यानें वेगळा केलेला व अर्धस्तंभांनीं उभा विभागलेला. आणि कोनाड्यांच्या माथ्यावर शिंपल्याच्या आकाराची नक्षी. पावसाळ्यानंतर सफेदी दिलेली ही भिंत भोंवतालच्या भातशेतीच्या व माडांच्या हिरव्या पट्ट्यांतून एकाएकीं वर आलेली दिसते, आणि एवढ्या लहान गांवास एवढी उंच इमारत कशास लागली हा प्रश्न पाहणाराच्या मनांत सहजच उत्पन्न होतो.

२. आजवरचीं मतें

पहिलें मत पोर्तुगीज विद्वानांचें. मारियो शिको, कार्लुस द आझेवेदु वगैरे मंडळींनीं १९५१ सालीं गोव्यांतील स्मारकांची पद्धतशीर पाहणी केली. त्यांच्या श्रमांचें मोल मोठें आहे. जुन्या गोव्यांतील आगुस्तीन पंथाची 'नोसा सेन्योरा द ग्रासा' ही इगर्ज व तळावलीची इगर्ज ह्यांचें नातें शिको ह्यांच्या विवेचनामुळें प्रकाशांत आलें. तथापि ह्या मंडळींची दृष्टि मुख्यतः पोर्तुगालकडे लागलेली होती. मूळ नमुना तिकडचा, इकडे झाला तो त्याचा प्रांतिक आविष्कार, अशी त्यांची मांडणी असे. आणि जें नमुन्याहून वेगळें दिसे तें अंतरामुळें अथवा देशी कारागिरांच्या हातामुळें झालें असें समजलें जाई.

दुसरें मत गोमंतकीय पंडित जोसे परेरा (१९३१-२०१५) ह्यांचें. 'बरोक गोवा' (१९९५) वगैरे ग्रंथांत त्यांनीं पारडें अगदीं उलट फिरविलें. ज्याप्रमाणें इराण-तुराणांतून आलेली इस्लामी वास्तुपद्धति येथें येऊन भारतीय झाली, त्याप्रमाणें युरोपांतून आलेली बरोक पद्धतिहि येथें येऊन भारतीय झाली, असें त्यांचें प्रतिपादन आहे. आणि ह्या 'भारतीय बरोक'चा सर्वोत्तम नमुना म्हणून ते तळावलीच्या इगर्जेकडे बोट दाखवितात.

तिसरें मत पावलो वारेला गोमेस ह्यांचें. गोव्यांतील इगर्जींच्या वास्तुकलेचा इतिहास त्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्या मतें ह्या इमारती पोर्तुगीज नव्हेत व भारतीयहि नव्हेत. दोहोंची भेसळ तर नव्हेतच. त्या गोमंतकीय ख्रिस्ती समाजाच्या आहेत. त्या समाजास लिस्बनपासूनहि वेगळें दिसावयाचें होतें व शेजारच्या हिंदु समाजापासूनहि वेगळें दिसावयाचें होतें, आणि ही दुहेरी गरज त्यांनीं इमारतींच्या द्वारें भागविली.

ह्या तिन्ही मतांपुढें आपलें मत कोणतें? खरें सांगावयाचें तर आपलें मत असें कांहीं नाहीं. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनीं पोर्तुगीज दप्तरांतून मराठ्यांच्या इतिहासाचें अपार साहित्य बाहेर काढलें, प्रा. अ. का. प्रियोळकर ह्यांनीं गोव्यांतील मुद्रण, भाषा व इन्क्विझिशन ह्यांचा इतिहास लिहिला. परंतु इमारत हीच एक कागद समजून वाचण्याचें काम मराठींत कोणीं नेटानें केलें नाहीं.

३. अलंकारावरून केलेलें अनुमान

परेरा ह्यांच्या पक्षाची जी सामान्य मांडणी वाचकांत रूढ झाली आहे, तिचा भर अलंकारावर आहे. दर्शनी भागावरील शिंपले, पानाफुलांची नक्षी, थरावर थर चढविण्याची हौस, ह्यांत भारतीय मन दिसतें, असें म्हटलें जातें. हें अनुमान टिकण्यासारखें नाहीं.

शिंपल्याच्या माथ्याचा कोनाडा ही रोमन वास्तुकलेंतील जुनी वस्तु आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इटलींत तिचें पुनरुज्जीवन झालें व तेथून ती स्पेन-पोर्तुगालांत सर्वत्र पसरली. ती तळावलीस आढळली म्हणून ती गोमंतकीय मनाची खूण ठरत नाहीं. पांच थरांची दर्शनी भिंतहि तळावलीकरांनीं प्रथम काढली असें नव्हे. आगुस्तीन पंथाची इगर्ज १५९७ ते १६०२ ह्या काळांत बांधली गेली, आणि तिचा दर्शनी भाग असाच पांच थरांचा व दोन बुरुजांचा होता. तिची पाटण १८४२ सालीं कोसळली, १९३१ सालीं दर्शनी भाग व बुरुजाचा मोठा हिस्सा पडला, आणि आतां एका बुरुजाचें अर्धें अंग तेवढें उभें आहे. मूळ नष्ट झालें व वंशज राहिला. म्हणून वंशजालाच मूळ समजण्याची चूक सहज होते.

तेव्हां अलंकाराच्या आधारें 'भारतीय' हें विशेषण देणें, आणि नमुन्याच्या आधारें 'पोर्तुगीज' हें विशेषण देणें, ह्या दोन्ही रीती सारख्याच लंगड्या आहेत. नमुना कोठून आला एवढ्यावरून कर्ता ठरत नाहीं. तसें ठरविलें तर फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'चा कर्ता ओवी रचणारा कोणी मराठी संतकवि मानावा लागेल. १६१६ सालीं प्रथम छापलेल्या त्या ग्रंथांत छंद व भाषा मराठी असून कर्ता इंग्रज आहे. तळावलीस ह्याच्या उलट प्रकार आहे: छंद परका असून कर्ता येथला आहे. पहिल्या ठिकाणीं आपण जो विवेक बाळगतों तो दुसऱ्या ठिकाणींहि बाळगला पाहिजे.

४. 'बरोक' ह्या नांवाविषयीं

आणखी एका शब्दाची झडती घेणें अवश्य आहे. 'बरोक' ह्या नांवाची व्युत्पत्ति वेड्यावांकड्या मोत्यासाठीं असलेल्या पोर्तुगीज शब्दाशीं जोडली जाते. रोम येथें सतराव्या शतकांत ही पद्धति ऐन भरांत असतां भिंतीच वळूं लागल्या. बोर्रोमिनीनें सान कार्लोच्या लहानशा देवालयाचा दर्शनी भाग लाटेसारखा आंतबाहेर झुलविला. तळावलीस असें कांहीं नाहीं. तेथील भिंती सरळ, कोन काटकोनी व आराखडा साधा आहे. आराखड्यापुरतें बोलावयाचें तर ही इमारत तिच्या काळाच्या मानानें जुन्या वळणाचीच म्हटली पाहिजे.

मग बरोकपणा कोठें? तो उंचीच्या योजनेंत आहे, आणि पाहणाराला आधीं चकित करून मग आंत ओढण्याच्या हेतूंत आहे. दर्शनी भाग थरांनीं चढत जातो व बुरूज त्याला दोहों बाजूंनीं उचलून धरतात. आंत शिरल्यावर पांढऱ्या भिंतींच्या उजेडांत दृष्टि सरळ वेदीमागील सोनेरी मखराकडे जाते. वक्र भिंती न घेतां हा परिणाम साधला हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे, आणि त्याचें कारण दगडांत आहे.

जांभा दगड खाणींतून निघतो तेव्हां कुऱ्हाडीनें तासतां येतो व हवा लागल्यावर कठीण होतो. त्याच्या अंगीं छिद्रें फार. त्यावर बारीक कोरीव काम टिकत नाहीं. उघडा ठेवला तर पावसाळ्यागणिक झिजतो. म्हणून जुन्या गोव्यांतील श्रीमंत मठांनीं कोरीव कामासाठीं वसईकडून काळा दगड आणविला. गांवच्या इगर्जेस तें परवडणारें नव्हतें. तिला जांभ्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, आणि त्या गिलाव्यांतच उठविलेली नक्षी एवढ्यावर भागवावें लागलें. जाड भिंतींचा जडपणा कमी भासावा म्हणून अर्धस्तंभ व कोनाडे. पाणी निथळावें व गिलावा वांचावा म्हणून पुढें आलेले कंगोरे. आणि दर पावसाळ्यानंतर नवी सफेदी. ह्या पद्धतीचें व्याकरण युरोपियन पुस्तकांतून आलें असेल. परंतु तिचा उच्चार कोंकणच्या दगडानें व कोंकणच्या पावसानें ठरविला. कर्तृत्वाचा पहिला खरा पुरावा हा आहे. शिंपल्यांची नक्षी हा नव्हे.

५. बांधविणारे

दुसरा पुरावा बांधविणाऱ्यांचा. तिसवाडींतील गांवकीची संस्था पोर्तुगीजांच्या फार पूर्वींची. १५२६ सालीं अफोन्सो मेशिया ह्यानें गांवकरांच्या चालीरीतींची जी सनद तयार केली, तींत ह्या संस्थेचे हक्क लिहून ठेवले आहेत. धर्म बदलल्यावरहि गांवकी मोडली नाहीं. जमीन तिच्याकडेच राहिली, गांवकर तेच राहिले, आणि पूर्वीं जसा देवळाचा खर्च गांवकी चालवी तसा पुढें इगर्जेचा खर्च गांवकी व तिच्याशीं जोडलेल्या धर्ममंडळ्या चालवूं लागल्या. इगर्जेचें वैभव हें अशा रीतीनें गांवच्या मानाचें माप झालें. लहान गांवास एवढी उंच इमारत कशास लागली, ह्या वर उत्पन्न झालेल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे.

उरलेलें अर्धें उत्तर देशी पाद्रीवर्गाच्या इतिहासांत आहे. सतराव्या शतकांत गोमंतकीय ख्रिस्ती ब्राह्मण व चारडो ह्या दोन ज्ञातींतून शिकलेले पाद्री निघूं लागले. परंतु वरच्या जागा व मठांचे दरवाजे त्यांस बहुधा बंद असत. दिवाडीच्या मातेउस द कास्त्रो ह्यास आपला अधिकार सिद्ध करण्यासाठीं रोमपर्यंत जावें लागलें; १६३७ सालीं तो बिशप झाला, आणि पुढील आयुष्य त्यानें गोव्याच्या वरिष्ठांशीं भांडण्यांत घालविलें. देशी पाद्रींनीं १६८० नंतर आपला स्वतःचा ओरेटरी संघ काढला. सिलोनांत गेलेला जोसेफ वाझ १६८५ सालीं ह्याच संघास मिळाला. १७०२ सालीं आंतोनियो जुवांव द फ्रियास ह्या ब्राह्मण पाद्रीनें आपल्या ज्ञातीच्या थोरवीचा ग्रंथ लिस्बन येथें छापविला; १७१३ सालीं लिओनार्दो पायश ह्यानें चारडोंच्या बाजूनें दुसरा छापविला. दिवाडीच्या पिएदादे इगर्जेचा आराखडा ह्याच फ्रियासचा, असें परंपरा सांगते. लेखणी व बांधकाम हीं एकाच हातीं असल्याचें हें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तळावलीचा संबंध येथेंच येतो. फ्रान्सिस्को दो रेगो ह्या नांवाच्या ब्राह्मण पाद्रीचा एक पोर्तुगीज प्रबंध १६८६ सालचा आहे. आपल्या ब्राह्मण 'राष्ट्रा'वर द्वेषानें घेतलेल्या आळांचें खंडन हा त्याचा विषय. तळावलीचें काम चालविणाराचें नांव तेंच, आणि प्रबंधाचें साल त्या कामाच्या मध्यावरचें. नांव व काळ दोन्ही जुळत असतां हे दोन पुरुष भिन्न मानण्यास सबळ कारण दाखवावें लागेल. ही जुळणी मान्य केली म्हणजे इमारतीचा अर्थ आपोआप उलगडतो: प्रबंधांत जो वाद शब्दांनीं मांडला तोच तळावलीस जांभ्या दगडानें मांडला गेला. राजधानींतल्या आगुस्तीन मठाचा नमुना मुद्दाम उचलून तो एका खेड्यांत उभा करणें, ह्याचा अर्थ अनुकरण एवढाच होत नाहीं. 'तुमच्या मठांत जें शोभतें तें आमच्या गांवींहि शोभतें', असें त्यांत म्हटलें आहे. जुळणी मान्य केली नाहीं, तरी गांवकी, देशी पाद्रीवर्ग व त्यांची मानाची ईर्ष्या हीं तिन्ही प्रमाणें स्वतंत्रपणें उभीं राहतात.

राहिले कारागीर. १५६७ सालच्या गोव्याच्या धर्मपरिषदेनें ख्रिस्ती मूर्ति व चित्रें हिंदु कारागिरांकडून करवूं नयेत असा ठराव केला. जी गोष्ट घडतच नाहीं तिचा निषेध कोणी करीत नसतो. तेव्हां हा ठराव म्हणजे हिंदु सुतार, सोनार व चितारी इगर्जींचीं कामें करीत असत, ह्याचा सरकारी दाखलाच होय.

६. १६८३ व १६८४

आतां ह्या चौदा वर्षांच्या काळाकडे वळूं. १६८३ च्या नोव्हेंबरांत विजरई कोंद द आल्व्होर ह्यानें फोंड्याच्या किल्ल्यास वेढा दिला व छत्रपति संभाजी महाराज चालून येतांच त्यास माघार घ्यावी लागली. त्याच महिन्याच्या २४ तारखेस रात्रीं मराठ्यांनीं जुवें बेट, म्हणजे सांतु इस्तेव्ह, काबीज केलें. दुसऱ्या दिवशीं तें परत घेण्यास गेलेल्या विजरईचा पराभव होऊन तो कसाबसा जीव वांचवून आला, आणि सांव फ्रान्सिस्को शाव्हियेरच्या शवपेटीपाशीं जाऊन त्यानें राजदंड त्याच्या हवालीं केला. पुढें मराठी फौजा साष्टी व बारदेशांत उतरल्या. शाहआलमची मोंगल फौज जवळ येऊं लागली म्हणून गोवें वांचलें. ही हकीकत आपल्या वाचकांस परिचित आहे. परिचित नाहीं ती गोष्ट एवढीच कीं, ज्या रात्रीं जुव्यावर मराठ्यांचें निशाण चढलें त्या काळीं तेथून थोड्याच कोसांवर तळावलीच्या इगर्जेचें काम चालू होतें.

ह्या संकटानें पोर्तुगीज सरकारचा येथल्या प्रजेवरील अविश्वास वाढला. १६८४ च्या जून महिन्याच्या २७ तारखेस त्याच विजरईनें हुकूम काढला कीं, प्रजेनें तीन वर्षांच्या आंत देशी भाषा टाकून पोर्तुगीज भाषा उचलावी. ज्यांच्या तोंडची भाषा काढून घेण्याचा हुकूम निघाला, तेच लोक त्या वेळीं सरकारच्या कोणत्याहि इमारतीशीं बरोबरी करील अशी इगर्ज आपल्या गांवीं उभी करीत होते. इमारतीस 'फिरंग्यांची' म्हणणें म्हणजे ह्या लोकांची भाषा घेतली गेली ती गेली, वर त्यांचें बांधकामहि आपण होऊन विजरईच्या पदरांत टाकणें होय.

७. नदीपलीकडची साक्ष

ही पद्धति गोमंतकाची झाली होती ह्याचा तिसरा पुरावा इगर्जींत नाहीं, देवळांत आहे. फोंडा महाल १७६३ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत नव्हता. तिसवाडी-साष्टींतून हलविलेले देव तेथेंच राहिले, आणि अठराव्या शतकांत त्यांचीं नवीं देवळें उभीं झालीं. कवळें येथील श्रीशांतादुर्गेचें देवालय शाहू महाराजांच्या कारकीर्दींत त्यांचे मंत्री नारोराम ह्यांच्या पुढाकारानें १७३८ च्या सुमारास पूर्ण झालें. त्याच्या अर्धवर्तुळ माथ्याच्या खिडक्या, अर्धस्तंभ, कठड्यांचा अष्टकोनी मनोरा व त्यावरील घुमट पाहावा. हीं सर्व अंगें इगर्जींच्या परिभाषेंतील आहेत.

सातारच्या छत्रपतींच्या आश्रयानें, पोर्तुगीज हद्दीच्या बाहेर, ज्या देवतेस पोर्तुगीजांच्या जुलुमामुळें स्थलांतर करावें लागलें तिच्याच मंदिरासाठीं ही परिभाषा वापरली गेली. ती शत्रूची म्हणून त्या काळच्या हिंदूंनीं मानली असती तर तें घडतें ना. ती त्यांना आपल्या भोंवतालच्या गवंड्यांची, आपल्या दगडाची, आपल्या मुलखाची म्हणूनच वाटली. परेरा ह्यांचा मूळ सिद्धांत येथें खरा ठरतो, जरी त्यासाठीं दिला जाणारा अलंकाराचा पुरावा कच्चा असला. उलट, गोमंतकीय ख्रिस्ती समाजास इमारतींच्या द्वारें हिंदूंपासून वेगळें दिसावयाचें होतें, हें वारेला गोमेस ह्यांचें म्हणणें बांधविणाऱ्यांच्या हेतूपुरतें ग्राह्य आहे. पण परिणाम त्या हेतूच्या पलीकडे गेला. वेगळेपणासाठीं घडविलेली भाषा पन्नास वर्षांच्या आंत दोन्ही समाजांची झाली.

८. आख्यायिका व फेस्त

इगर्जेच्या उत्पत्तीची एक आख्यायिका सांगतात. गांवांतील एका ब्राह्मणास डोईवर टोपी व हातीं काठी घेतलेली एक वृद्धा डोंगरावरून येतांना दिसली, व आपण ह्या गांवीं राहावयास येत आहों असें ती म्हणाली. इतिहासाचें प्रमाण म्हणून हिला किंमत नाहीं. परंतु तिची घडण कोंकणांतील ग्रामदेवतांच्या कथांची आहे हें उघड आहे. देवता स्वतः चालत येते, एका व्यक्तीस दर्शन देते व राहण्यास जागा मागते, अशी कथा प्रत्येक वाडीस ऐकावयास मिळते.

तसेंच फेस्ताचें. जुलै महिन्याच्या अखेरीस सांत आनाच्या सणास 'तवशांचें फेस्त' म्हणतात. मूल होण्याची इच्छा असलेलीं जोडपीं तिला काकड्या वाहतात. आना ही येशूची आजी व उतारवयांत अपत्य झालेली स्त्री, तेव्हां अपत्याचें मागणें तिच्याकडे करणें ख्रिस्ती कल्पनेस धरूनच आहे. परंतु श्रावणाच्या तोंडावर नवें फळ घेऊन आईच्या दाराशीं जाणें ही रीत ह्या मुलखाची आहे. ह्यावरून येथें पूर्वीं अमुक देवीचें देऊळ होतें असें अनुमान काढण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरला पाहिजे. लोकांची रीत धर्म बदलल्यावरहि चालते, एवढेंच ह्या गोष्टींवरून सिद्ध होतें, आणि प्रस्तुत विषयास तेवढें पुरेसें आहे.

९. निष्कर्ष

सारांश, तळावलीच्या इगर्जेचा नमुना युरोपियन, मार्ग जुन्या गोव्यांतील आगुस्तीन मठाचा, दगड व चुना कोंकणचा, बळ गांवकीचें, आणि ईर्ष्या देशी पाद्रीवर्गाची. ह्या पांचांपैकीं पहिल्या दोहोंवरून तिला परकी म्हणणें जितकें चुकीचें, तितकेंच शेवटच्या तिहींवरून तिचा निव्वळ गौरव करून थांबणें चुकीचें. कारण गांवकीच्या ह्या बळाच्या मागें १५४१ सालीं देवळांच्या जमिनींचें उत्पन्न वळविलें गेल्याची गोष्ट आहे. आणि ज्या पाद्रींनीं आपल्यावरील अन्यायाविरुद्ध लेखणी उचलली, ती त्यांनीं आपल्या ज्ञातीच्या थोरवीसाठीं उचलली, गांवांतील सर्व लोकांसाठीं नव्हे. श्रेय द्यावयाचें तर त्याच्या शेजारीं हें ऋणहि लिहिलें पाहिजे. दोन्ही एकाच वहींत लिहिण्याची तयारी असेल तरच गोमंतकाचा इतिहास लिहावयास घ्यावा.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. युनेस्कोनें १९८६ सालीं जुन्या गोव्यांतील ज्या इगर्जी व मठ जागतिक वारशाच्या यादींत घातले त्यांत तळावली नाहीं. आणि जगांतील धोक्यांत असलेल्या स्मारकांची जी यादी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानें २००० सालासाठीं प्रसिद्ध केली तींत मात्र तिचें नांव आलें. राजधानीच्या इमारतींस राजसत्तेचें स्मारक म्हणून मान मिळतो. खेड्याच्या इमारतीस तिचे धनी कोण हें ठरल्याशिवाय मिळत नाहीं. जांभ्याच्या भिंतीस चुनाच मानवतो. सिमेंटचा गिलावा ओलावा आंत कोंडतो व दगड आंतून कुजतो. पिढ्यान्पिढ्या सफेदी देणारे हात हेंच ह्या इमारतीचें खरें संरक्षण होतें, आणि तें गांवाच्या आपलेपणावर अवलंबून होतें.

मराठी संशोधकांस येथें दोन कामें करण्यासारखीं आहेत. इमारतीचीं मोजमापें व नकाशे मराठी वाचकांपुढें आणावे. आणि १५९५ सालीं स्थापन झालेल्या गोव्याच्या दप्तरखान्यांतील गांवकीच्या कागदांचें वाचन करावें. त्यांत पोर्तुगीज कागदांबरोबर देशी लिपींतील कागदहि आहेत, व ते वाचण्याची पात्रता आपल्याकडे आहे. पिसुर्लेकरांनीं त्याच दप्तरांतून छत्रपतींचा इतिहास काढला. त्याच कपाटांतून गवंडी, सुतार व चुना भाजणारे ह्यांचा हिशेब काढणें हें त्यांच्याच कामाचें पुढचें पाऊल ठरेल.